मणके कोलकात्यात, चार्ट कांचघरात

१८ मे हा आंतरराष्ट्रीय संग्रहालय दिन. १९७७ पासून जगभर पाळला जातो. त्या दिवशी आपल्याकडे बऱ्याच संग्रहालयांत तिकीट माफ असतं, प्रमुख पाहुणे दीपप्रज्वलन करतात आणि संग्रहालय म्हणजे शाळेचाच एक वर्ग आहे, असं ठणकावून सांगतात.

शाळा तेव्हा सुट्टीवर असते.

मुलं मामाच्या गावाला, मास्तर कसल्या तरी सर्वेक्षणाला आणि जबलपूरचा पारा चव्वेचाळिसाला. सभागृहात पहिल्या दोन रांगांत खात्याचीच माणसं. टाळ्या मात्र पुरेशा वाजतात.

संग्रहालयांतल्या वस्तू आणि दप्तरखान्यांतले कागद घेऊन शाळांसाठी शिकायची साधनं तयार करावीत, ही कल्पना नवी नाही आणि वाईट तर नाहीच. सचिवांना पटते, मुख्याध्यापकांना पटते, पालकांनाही पटते. एखादी गोष्ट इतक्या लोकांना एकदम पटली की समजावं, ती कुणाच्याच कामात बसत नाही.

जबलपूरच्या कांचघरात राहून हे बोलायला तर मुळीच हरकत नाही. आमचा पत्ता सांगताना लोक घमापूर, सतपुला, जीसीएफ अशी नावं घेतात. जीसीएफ म्हणजे गन कॅरेज फॅक्टरी, १९०४ ची. त्याच बाजूला बडा शिमला नावाची टेकडी आहे. शिमला फक्त नावाला.

या टेकडीवर १८२८ मध्ये कॅप्टन विल्यम स्लीमनला हाडं सापडली. ठगांचा बंदोबस्त केला तोच हा स्लीमन. भूगर्भशास्त्राशी त्याचा पोटापाण्याचा संबंध नव्हता, नजर मात्र शाबूत होती. दगड झालेले मणके होते ते, शेपटीचे. त्याने ते डॉक्टर स्पिल्सबरींना दिले, तिथून ते कोलकात्याला जेम्स प्रिन्सेपकडे गेले. ‘डायनासोर’ हा शब्द तेव्हा जन्मालाही आला नव्हता, तो १८४२ चा. पुढे १८७७ मध्ये रिचर्ड लिडेकरने या जनावराचं नामकरण केलं, टायटॅनोसॉरस इंडिकस.

भारतात सापडलेला पहिला डायनासोर. आमचा शेजारी.

मग हे मणके हरवले. कोलकात्यातच, सरकारी संग्रहात. २०१२ मध्ये भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या कपाटांतून ते पुन्हा हाती लागले, शोधणाऱ्यांत आपले भूशास्त्रज्ञ धनंजय मोहबे होते. जमिनीतून काढायला एक कॅप्टन पुरला होता. सरकारी संग्रहातून काढायला शास्त्रज्ञांचा चमू लागला.

आता कांचघरातल्या पाचवीतल्या पोराला सांगा, बाळा, डायनासोर काढ. तो टी-रेक्स काढेल. टी-रेक्स अमेरिकेतला, नर्मदेचं पाणी तो कधी प्यायला नाही. पण त्याने सिनेमात काम केलंय.

टेकडी रिक्षाच्या अंतरावर आहे. प्रोजेक्ट मात्र स्टेशनरीच्या दुकानात मिळतो.

हे दुकान एकदा नीट बघून घ्या, कारण देशातलं सगळ्यात यशस्वी शैक्षणिक साधन तिथेच विकलं जातं. दोरीला चिमटे लावून चार्ट टांगलेले असतात. ऐतिहासिक इमारती, थोर पुरुष, फळे, वाहतुकीची साधने, डायनासोर. एका कागदावर पोस्टाच्या तिकिटापेक्षा थोडी मोठी अशी वीसेक चित्रं, आणि प्रत्येक चित्राच्या पाठीमागे तीन-चार ओळी माहिती. पोरगं चार्ट आणतं, आई कात्रीने चित्रं कापते, ताई स्केचपेनने चौकट आखते, बाबा शीर्षक लिहितात. मग चित्राच्या पाठीला फेविकॉल.

माहिती फेविकॉलखाली जाते.

वहीत चित्र राहतं, ज्ञान चिकटून बसतं. दहापैकी नऊ मार्क. एक मार्क चौकट तिरकी आली म्हणून कापलेला.

सरकारने काहीच केलं नाही असं कोण म्हणेल? राष्ट्रीय अभिलेखागाराचं ‘अभिलेख पटल’ २०१५ पासून उघडं आहे. देशातल्या मोठ्या संग्रहालयांच्या वस्तू एका पोर्टलवर आल्या, त्यामागचं ‘जतन’ नावाचं सॉफ्टवेअर पुण्याच्या सी-डॅकचं. काम खरंच मोठं आहे. मूर्तीचा फोटो, काळ, दगडाचा प्रकार, उंची, रुंदी, नोंद क्रमांक, सगळं जागच्या जागी.

आणि सहावीतल्या मुलाने याचं काय करायचं?

गोदामात गहू आला म्हणून ताटात पोळी येत नाही. फोटो हा कच्चा माल. त्याच्याखाली एक चांगला प्रश्न लिहिला की साधन होतं. आपण स्कॅनरवर खर्च केला, प्रश्नावर केला नाही. प्रश्नाचं टेंडर कसं काढणार?

जुन्या कागदांत शोधायचं तर आणखी गंमत. इंग्रजांच्या फायलींत आमचं गाव ‘जुब्बुलपोर’ आहे. पोर बिचारं आजच्या स्पेलिंगने शोधतं, पाच-दहा मिनिटं टिचक्या मारतं आणि रील बघायला जातं. त्याला हे कुणी सांगितलंय?

सांगितलं असतं तर काय काय निघालं असतं! १८ फेब्रुवारी १९४६ ला मुंबईत नौदलाचे खलाशी उठले, हे पुस्तकात असतं. त्याच महिन्याच्या २७ तारखेला जबलपूरच्या सिग्नल ट्रेनिंग सेंटरमधले दीड हजारांहून जास्त जवान बराकी सोडून रस्त्यावर आले. इथल्या किती पोरांचे आजोबा-पणजोबा फौजेत नाहीतर ऑर्डनन्स फॅक्टरीत होते! त्या दिवसाच्या बातमीचं एक कात्रण, लष्कराचा एक कागद आणि खाली दोन ओळी: दोन्हीकडे घटना सारखीच सांगितली आहे का? नसेल तर कुणाला काय लपवायचं होतं?

झाला धडा. पण यात रिकाम्या जागा भरता येत नाहीत.

नाहीतर त्रिपुरी काँग्रेस घ्या, १९३९ ची. पट्टाभी सीतारामय्यांना हरवून अध्यक्ष झालेले सुभाषबाबू तापाने फणफणलेले, स्ट्रेचरवरून अधिवेशनात. गांधीजी राजकोटला. नाटक म्हणून बघितलं तरी मुलं श्वास रोखून बसतील. त्या अधिवेशनाची आठवण म्हणून कमानिया गेट उभं आहे. आज त्याचा उपयोग रिक्षावाल्याला खूण सांगण्यासाठी.

पण शाळा सहली काढतात की! काढतात ना. भंवरतालजवळ राणी दुर्गावती संग्रहालय आहे. तेवरच्या, म्हणजे जुन्या त्रिपुरीच्या, कलचुरी राजांच्या काळातल्या मूर्ती तिथे अशा आहेत की दुसऱ्या देशात असत्या तर त्यांच्या नावाने विमानतळ झाले असते. बस थांबते. दोन-दोनची रांग. हाताची घडी, तोंडावर बोट. हात लावू नका, काचेला टेकू नका, मागे राहू नका, पुढे पळू नका. पाटीवर मूर्तीचं नाव, शतक, गाव, दगड. पाटी वाचेपर्यंत रांग पुढच्या मूर्तीपाशी.

दुसऱ्या दिवशी निबंध: ‘मी पाहिलेले संग्रहालय’. सुरुवात, आम्ही सकाळी लवकर उठलो. शेवट, खूप मजा आली. मध्ये एक परिच्छेद बसमधल्या अंताक्षरीचा आणि एक डब्यातल्या पुरीभाजीचा. संग्रहालय एका ओळीत आटोपतं: तिथे पुष्कळ जुन्या मूर्ती होत्या.

मुलाने खरं तेच लिहिलं. त्याला दुसरं काही बघायला सांगितलंच नव्हतं.

पुढचा मुक्काम भेडाघाट. धुवाँधार, रोपवे, संगमरवराच्या छोट्या पिंडी आणि गणपती. वर टेकडीवर चौसष्ट योगिनींचं देऊळ, दहाव्या शतकातलं, गोल आवाराचं. जिना चढायला मास्तरांचे गुडघे तयार नसतात, तरी समजा चढले. इथे शिकायचं साधन करायला कागदसुद्धा नको. फक्त म्हणायचं, पोरांनो, योगिनी मोजा.

मोजणाऱ्याच्या लक्षात येतं की हे देऊळ चौसष्टांचं नाही, एक्क्याऐंशींचं आहे. आता त्याच्या डोक्यात प्रश्न आला. मग नाव चौसष्ट का? बाकीच्या कुठून आल्या? पायाखालच्या दगडावर नाव कोरलंय ते कुणाचं? इतक्या मूर्ती फोडल्या कुणी आणि केव्हा? यातल्या काही प्रश्नांवर विद्वान अजून भांडतायत. सहावीतल्या पोराला विद्वानांच्या भांडणात फुकट प्रवेश!

मास्तर सांगतात, चौसष्टच लिही. परीक्षेत तेच येतं.

मास्तरांना झोडपून लेख संपवणं सोपं आहे. पण त्यांच्या दिवसाकडे बघा. मध्यान्ह भोजन, आयडीच्या नोंदी, मतदारयादी, ऑनलाइन हजेरी, शिष्यवृत्तीचे फॉर्म, आणि उरलेल्या वेळात शिकवणं. बी.एड.ला असताना त्यांनीही शैक्षणिक साहित्य बनवलं होतं. थर्माकोलचा किल्ला. पाठाच्या दिवशी परीक्षकांसमोर टेबलावर, दुसऱ्या दिवसापासून कपाटावर. पुढच्या वर्षी तोच किल्ला ज्युनिअर घेऊन गेला, त्याच्याही पाठाला चांगले गुण पडले.

तिकडे संग्रहालयाच्या माणसाचं काम काय? वस्तू राखणं. ओल येऊ नये, चोरी होऊ नये, ऑडिटमध्ये आकडा जुळावा. मूर्ती शाबूत राहिली तर कौतुक नाही आणि हलली तर चौकशी. असा माणूस मुलांना ‘जवळ या, नीट बघा’ कशाला म्हणेल? मुलं त्याच्या लेखी आपत्ती विभागात मोडतात.

एकाची नोकरी वस्तू सांभाळायची, दुसऱ्याची पोर्शन संपवायची. मधल्या माणसाची जागाच मंजूर नाही.

सगळं घोडं इथे अडलंय. मूर्तीही कळते आणि अकरा वर्षांचं पोरही कळतं, असा माणूस. कोणता कागद दाखवायचा, कोणता नाही, किती ओळी सांगायच्या आणि कुठे गप्प बसायचं, हे ज्याला समजतं तो. हे कसब आहे, त्याला पगार लागतो. आपल्याकडे हे काम ‘इच्छुक शिक्षकांनी’ करायचं असतं, बिनपगारी, आणि वर जीआर की अहवाल तीन प्रतींत सादर करावा.

जिथे हा माणूस नेमला तिथे फरक दिसतो. मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय २०१५ पासून आपली बस घेऊन शाळांच्या दारात जातं, बसमध्ये प्रदर्शन आणि सोबत बोलणारी माणसं. २०१९ मध्ये त्यांनी आवारात मुलांचं वेगळं संग्रहालयच काढलं. ब्रिटिश म्युझियमने बीबीसीबरोबर २०१० मध्ये शंभर वस्तूंमधून जगाचा इतिहास रेडिओवर सांगितला. रेडिओवर, बरं का! वस्तू न दाखवता. पुढे त्याच धर्तीवर शाळांसाठी साहित्य केलं. त्यांच्याकडे अर्ध्या जगातून उचलून आणलेला माल आहे हे खरंच. पण उचललेल्या मालावर निदान धडे तरी लिहितात.

आपण आपल्याच मालावर कुलूप लावतो.

राष्ट्रीय शिक्षण धोरणाने, २०२० च्या, सहावी ते आठवीच्या मुलांना दहा दिवस दप्तराविना दिले आहेत. त्या दिवसांत कारागिरांकडे जा, स्मारकं बघा, गाव हिंडा, असा हेतू. हेतू झकास. दप्तराविना शनिवारी शाळेत जाऊन बघा. रांगोळी, योगासनं, घोषवाक्य स्पर्धा. त्याचा फोटो काढून ग्रुपवर. मग रेडिओ लावून कवायत.

दप्तर घरी राहिलं, शाळा मात्र जागची हलली नाही.

आता थोडं आपल्या माणसांविषयी. जबलपुरातल्या मराठी मंडळींना इतिहासाचा अभिमान भारी. नागपूरकर भोसल्यांनी १७९८ पासून १८१७ पर्यंत हा मुलूख राखला, हे कोजागरीच्या दुधाबरोबर दर वर्षी आठवतं. पण कलचुरींच्या त्रिपुरीला जगाच्या अभ्यासात आणून बसवलं ते दोन मराठी माणसांनी, त्यांची नावं घ्या बघू. मोरेश्वर गंगाधर दीक्षित, यांनी सागर विद्यापीठातर्फे १९५२ मध्ये तेवरला उत्खनन केलं. आणि नागपूरचे महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी, ज्यांनी कलचुरी-चेदी संवताचे शिलालेख आणि ताम्रपट वाचून १९५५ मध्ये दोन भागांचा जाडजूड ग्रंथ सिद्ध केला.

दुधात जायफळ किती, यावर मंडळात दोन गट आहेत. मिराशींवर एकमत आहे: कोण मिराशी?

त्या ग्रंथातून मुलांसाठी चार पानं काढायला सत्तर वर्षांत कुणाला सवड मिळाली नाही. चार पानांत मावेल असा मजकूर त्यात कितीतरी आहे. एकच दगड घ्या, भेडाघाटचा. कलचुरी संवत ९०७, म्हणजे इ. स. ११५५. राणी अल्हणदेवीचा लेख, मुलगा नरसिंह राज्यावर असतानाचा. विधवा राणीने शंकराचं देऊळ बांधलं, त्याला जोडून मठ बांधला, बाग लावली. आणि एक व्याख्यानशाळा बांधली. शिकण्या-शिकवण्याची जागा.

बाई व्यवहारी होत्या. नुसती इमारत उभी करून नारळ फोडला नाही. खर्चासाठी दोन गावं लावून दिली, नावानिशी. पुढे हे सगळं बघणार कोण, तेही कोरून ठेवलं: लाट देशाकडचा रुद्रराशी नावाचा पाशुपत तपस्वी.

इमारत, निधी आणि माणूस. तिन्ही एकाच आदेशात, एकाच तारखेला. आजच्या मंत्रालयात या तीन गोष्टींच्या तीन फायली तीन मजल्यांवर असतात आणि त्यातली माणसाची फाईल वित्त विभागातून परत येते.

बाराव्या शतकातली राणी शाळा कशी मंजूर करते, हे सातवीच्या मुलाला त्या दगडापाशी उभं करून दाखवता आलं असतं. ‘शाळेला काय काय लागतं ते दगडावर शोधा’ एवढाच प्रश्न पुरला असता. हवं तर पुढचा: तुमच्या शाळेत यातलं काय नाही?

पण तो दगड भेडाघाटात नाही. एकोणिसाव्या शतकातच तो अमेरिकेला गेला, न्यू हेवनला, अमेरिकन ओरिएंटल सोसायटीच्या संग्रहात. पाठवणारा फिट्झएडवर्ड हॉल, संस्कृतचा गाढा पंडित, अमेरिकेतल्या ट्रॉय गावचा. बनारसच्या संस्कृत कॉलेजात शिकवून १८५६ मध्ये तो या भागात आला, सरकारी नोकरीवर.

नोकरी कसली? शिक्षण खात्यात इन्स्पेक्टर होता. शाळा तपासायला आला होता.